तारणाची गॅरंटी

गुहागरहून एका वाचकाने विचारलंय: ‘आमच्याकडे प्रार्थनासभेच्या फलकावर “तारण मिळवा, तारणाची गॅरंटी” असं लिहिलंय आणि दोन दुकानं सोडून पतपेढीची पाटी आहे, “सोने तारण कर्ज”. हे दोन्ही तारण एकच का? आणि गॅरंटीला मराठीत काय म्हणावं?’

गॅरंटीचं नंतर बघू. आधी ते ‘मिळवा’. ऐकून ऐकून कान किटले आहेत. मराठी बायबलात, इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, कृपेने तुमचं तारण ‘झाले आहे’ अशी रचना आहे. मूळ ग्रीक क्रियापदही कर्मणी आणि पूर्णकाळातलं आहे: होऊन गेलेलं आणि अजून टिकून असलेलं. पुढच्याच ओळीत पत्र लिहिणारा पौल बजावतो की हे कर्मांनी झालेलं नाही, देवाचं दान आहे. मिळवायची ती नोकरी. तारण होतं.

संस्कृत ‘तॄ’ म्हणजे पार जाणे, हे शाळेत झालंय, त्यात वेळ घालवत नाही. पण गुहागरच्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये! दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट सुरू होण्याआधी वाशिष्ठी ओलांडायला काय होतं? ‘तर’, म्हणजे पार नेणारी होडी. तर, तारू, उतारू, उतार, तीर्थ, अवतार, सगळी एकाच धातूची पोरं. त्यातही फरक बघा: ‘तरणे’ आपल्या हातापायांनी, ‘तारणे’ दुसऱ्याने. तरीत बसलेला उतारू वल्हं मारत नाही. कृपेवर मोठाली प्रवचनं झोडणाऱ्यांनी एवढा एक काना नीट समजावून सांगितला तरी पुष्कळ.

‘हा मिशनऱ्यांनी घडवलेला शब्द’ असं सांगणारेही भेटतात. त्यांनी ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय उघडावा. तिथे श्रीकृष्ण म्हणतो की नामांच्या हजारो नावा सजवून मी संसारात तारू झालो. तेराव्या शतकातल्या ओव्या आहेत त्या.

आता पतपेढीचं तारण. आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक ठासून सांगतात की हा वेगळाच शब्द आहे, ध्वनिसाम्य योगायोगाचं. कशावरून, ते मात्र सांगत नाहीत. माझा तर्क असा: मराठीत कर्जाचं काय होतं? कर्ज बुडतं. पैसे बुडतात, बुडवणारा तो बुडव्या, बँकेच्या ताळेबंदात ‘बुडीत कर्जे’. ज्या भाषेत कर्ज बुडतं, तिच्यात त्याला बुडू न देणारी वस्तू तारणच असणार. सावकाराचं तारण होतं ते त्या पाटल्यांनी. प्राध्यापकांनी याहून सरस काही आणावं, मी ऐकायला बसलोय.

पण खरी गंमत पुढे आहे. बायबलाच्या नव्या करारात ‘आराबोन’ हा ग्रीक शब्द तीनदा येतो: दुसऱ्या करिंथकरांस पत्रात दोनदा, इफिसकरांसमध्ये एकदा. देवाने पवित्र आत्मा दिला, तो आराबोन म्हणून. शब्द व्यापाऱ्यांचा, सेमिटिक भाषांतून ग्रीकमध्ये आलेला. हिब्रूत ‘एराबोन’: बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात यहूदा करडू पाठवीपर्यंत आपली मुद्रा, गोफ आणि काठी ठेवून जातो, ते. अरबीत ‘अरबून’ म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, आणि आजच्या ग्रीकमध्ये याच शब्दाचा अर्थ चक्क साखरपुडा! मराठी बायबलाने याला शब्द निवडला ‘विसार’. आपण म्हणतो तोच इसार.

तो काय असतो ते मी लहानपणी आमच्या खळ्यात पाहिलंय. मोहोर धरला की आंब्याचा व्यापारी बाग बघून यायचा, बाकावर टेकून तांब्याभर पाणी संपवायचा आणि घामाने ओलसर झालेल्या नोटा पुढे करायचा, ‘आबा, इसार ठेवा.’ आजोबा नोटा न मोजता पंचांगात ठेवत. त्या घटकेपासून बाग दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही. व्यापारी फिरला तर इसार बुडाला. आंबा उतरला (हाही तोच ‘तॄ’!) की हिशेबात इसार वळता व्हायचा.

म्हणजे फरक कळला ना? तारण ठेवलेल्या पाटल्या परत येतात. इसार परत येत नाही, कारण तो किमतीचाच पहिला तुकडा. पौलाला म्हणायचंय ते हेच: मिळालेला आत्मा हा पुढच्या वतनातलाच थोडा भाग आहे, आणि सौदा मोडला तर बुडणार देणाऱ्याचं. इथे ‘हमी’ घालणारे भाषांतरकार व्यापाऱ्याला खळ्यातून हाकलून वकील आणून बसवतात.

हां, गॅरंटी. हमी कागदावर असते, खात्री मनात. अरबी ‘खातिर’ म्हणजे मन. ‘खातरजमा’ म्हणजे मन एका जागी गोळा होणं. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाची व्याख्या सांगताना ‘खातरी’च आहे. तेव्हा ‘तारणाची खात्री’. मात्र फलक कुणाचा ते आधी विचारा. कॅथलिक असतील तर 1547 साली त्यांच्या चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने ठरवून ठेवलंय की खास प्रकटीकरण झाल्यावाचून आपण शेवटपर्यंत टिकणारच असं कुणी निःसंशय म्हणू नये. ते ‘आशा’ म्हणतील. खात्रीचा आग्रह प्रॉटेस्टंटांचा, आणि त्यांच्यातही मेथडिस्ट सांगतील की आज खात्री असलेला उद्या घसरू शकतो.

पतपेढीची पाटी बरोबर आहे. तिला हात लावू नका.