बडोद्याच्या उन्हाळ्यात ड्वार्फ हॅमस्टर सांभाळता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलीचा दहावा वाढदिवस एप्रिलमध्ये आहे, तिला ड्वार्फ हॅमस्टरची, म्हणजे उंदरासारख्या त्या चिमुकल्या पाळीव प्राण्याची, जोडी हवी आहे. घर निझामपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. दुकानदार पिंजऱ्यासकट द्यायला तयार आहे आणि "फारसं काही करावं लागत नाही" असं म्हणतोय. तर आणावेत का?

आणा, पण जोडी नको, एकच आणा. आणि एप्रिलमध्ये तर मुळीच नको. पाऊस सुरू होऊन हवा उतरली की आणा. वाढदिवसाला मुलीला रिकामी काचपेटी द्या आणि मधले दोन-अडीच महिने दोघं मिळून ती तयार करा. प्राणी घरात येईल तेव्हा त्याचं घर आधीच सिद्ध असेल. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं आणि त्याची किंमत तो जीव मोजतो.

मी दांडिया बाजारात जुन्या घरात राहते. गेल्या सहा वर्षांत आमच्याकडे पाच हॅमस्टर झाले, त्यातले पहिले दोन मी चुकीच्या पद्धतीने आणले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हा प्राणी कुठला ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दुकानात 'रशियन', 'विंटर व्हाइट', 'रोबो' अशी नावं सांगतात. या नावांमागे जाती तीन: कॅम्पबेल मंगोलिया आणि आसपासच्या गवताळ प्रदेशातला, विंटर व्हाइट कझाकस्तान-सैबेरियाकडचा, रोबो म्हणजे रोबोरोव्स्की, तो गोबीच्या वाळवंटी पट्ट्यातला. सगळ्यांत लहान रोबो, वजन जेमतेम २०-२५ ग्रॅम. बाकीचे दोघं ३० ते ५० ग्रॅमचे, म्हणजे एखाद्या लिंबाएवढे. तिकडे दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, म्हणून हे दिवसभर जमिनीखाली राहतात. कॅम्पबेलची बिळं मीटरभर खोलही जातात. खाली गारवा, अंधार, शांतता, कोपऱ्यात दाण्यांचा साठा. संध्याकाळ झाली की बाहेर, रात्रभर धावपळ, पहाटे परत आत. हॅमस्टर पाळायचा म्हणजे त्याला आपल्या घरात हे बीळ द्यायचं. दुकानातला तो गुलाबी-निळा तारेचा पिंजरा, त्यात घसरगुंडी आणि खाली बोटभर भुसा, यात बिळाचं काहीच नाही.

आता उन्हाळा, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. हॅमस्टरला साधारण १८ ते २४ अंश तापमान मानवतं. ३० च्या वर गेलं की त्रास सुरू होतो, आणि बडोद्यात मे महिन्यात बाहेरचा पारा ४० च्या पुढे असतो. तुमच्या वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती धग आत सोडत राहतो. म्हणजे तो जागा होतो तेव्हाही खोली गार झालेली नसते. आपल्याला घाम येतो, पंख्याचा वारा लागला की बरं वाटतं. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, त्यामुळे नुसत्या पंख्याने त्याचं अंग निवत नाही. कूलरचा दमट झोत थेट पेटीवर सोडणंही चांगलं नाही, भुसा ओलसर होतो आणि बुरशी धरते.

दुपारी खोलीत एसी २५-२६ वर चालू ठेवणं ज्यांना शक्य आहे त्यांनीच वरच्या मजल्यावर हॅमस्टर ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या जोडीला छोटे उपाय करता येतात: पेटीत कोटा फरशीचा एक तुकडा ठेवायचा, त्यावर तो पोट टेकून पडतो. मातीची छोटी कुंडी आडवी करून भुशात अर्धी पुरायची, आत गार राहतं. बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरून एका बाजूला टेकवायची, म्हणजे त्याला हवं तर तो जवळ येईल, नको तर लांब जाईल. वीज गेली तर काय करायचं तेही ठरवून ठेवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. तेव्हा पावसाळी हवा होती म्हणून निभावलं. हेच मे महिन्यात झालं असतं तर मी त्याला घेऊन बहिणीकडे गेले असते.

तो आडवा पसरून, धापा टाकत, लुळा पडलेला दिसला तर ऊन बाधलं समजा. लगेच गार खोलीत न्या, साध्या पाण्यात भिजवलेलं फडकं पायांना आणि कानांना लावा, ओठाशी पाण्याचा थेंब धरा आणि डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. याच्या उलट, जानेवारीच्या एखाद्या गार पहाटे तो थंडगार, ताठ गोळा होऊन पडलेला दिसला तर मेला असं धरून पुरायला नेऊ नका. थंडीने हे प्राणी सुस्तावतात, श्वास अगदी मंद होतो. ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्या.

जोडी नको का म्हणते, ते सांगते. माझे पहिले दोन मी उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात आणले, म्हणून मुलाने नावं ठेवली तीळ आणि गूळ. दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून दिल्या. तीन आठवड्यांत तीळला सहा पिल्लं झाली. या प्राण्यांचा गर्भकाळ सुमारे १८ ते २० दिवसांचाच असतो, आणि विणीनंतर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते. मला हे कळलं ते रात्री बाराला वाचत बसले तेव्हा, आणि त्याच रात्री गूळला वेगळं केलं. पिल्लं महिन्याच्या आसपास वयात येतात, म्हणून नर-माद्या लगेच वेगळे करावे लागले. चार पिल्लांना घरं शोधली आणि दोन बहिणी एकत्र ठेवल्या, बहिणी आहेत, लहानपणापासून बरोबर आहेत, म्हणून. चार महिने एका कुशीत झोपल्या. एक दिवस सकाळी एकीची पाठ फाटलेली होती. ती वाचली नाही. आदल्या रात्रीपर्यंत काहीही दिसलं नव्हतं. ड्वार्फ जोडीने राहू शकतात असं पुष्कळजण सांगतात आणि काही जोड्या राहतातही, पण जिथे बिनसतं तिथे ते एका रात्रीत बिनसतं आणि दुसरी पेटी तयार नसते. एकटा हॅमस्टर एकटेपणाने झुरत नाही. सोबत हवी ही आपली भावना आहे, त्याची नाही.

पेटीची लांबी-रुंदी १०० गुणिले ५० सेंटिमीटर धरा, त्याहून लहान नको. नवी काचपेटी महाग पडते, म्हणून माशांच्या दुकानात गळकी टाकी विचारा. पाणी धरत नाही म्हणून ती स्वस्तात देतात, आणि आपल्याला पाणी भरायचंच नाही. वर जाळीचं झाकण हवं, काचेचं नको. आत एका बाजूला निदान वीतभर उंच भर घाला. बिनछपाईचा, बिनवासाचा कागद बारीक फाडून, त्यात सुकं गवत मिसळलं की बोगदे कोसळत नाहीत. सुताराकडचा फुकटचा भुसा आणू नका: त्यात प्लायवूडचा डिंक असतो, बारीक धूळ असते, आणि देवदार किंवा चिडाचा असेल तर त्या वासाचे घटक त्यांच्या फुप्फुसांना आणि यकृताला बाधतात. 'हॅमस्टरची गादी' म्हणून मिळणारा कापूसही नको, त्याचे तंतू पायाला आवळतात, गिळले तर आतड्यात अडकतात.

चाक २० सेंटिमीटरचं, सलग पृष्ठभागाचं. गजांच्या चाकात पाय अडकतो, लहान चाकात पाठ वाकते. प्लॅस्टिकच्या बंद चेंडूत घालून घरभर फिरवायची पद्धत आहे, ती कृपा करून करू नका, त्याला आत ना नीट हवा ना बाहेर पडायची वाट. अंघोळ पाण्याने कधीच नाही. एका पसरट भांड्यात वाळू ठेवा. मी सिमेंट न लागलेली बारीक वाळू चाळून, धूळ काढून, लोखंडी कढईत भाजून गार करून घेते. तो त्यात लोळतो तेव्हा बघत राहावं, इतका आनंदात असतो.

मुंग्यांचं मात्र आपल्याकडे फार. हॅमस्टरचा दाण्यांचा साठा बिळात असतो आणि मुंग्यांना वास लागतोच. मुंग्यांचा खडू पेटीजवळ ओढू नका, ते विष आहे. माझी आजी दुधाच्या फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची, मी पेटीच्या टेबलाला तेच केलंय. डासांची उदबत्ती आणि धूपही त्या खोलीत लावत नाही.

खाण्याची आपल्याकडे चंगळ आहे, हे कोणी सांगत नाही. परदेशी पाकिटात जी कणसं महागात विकतात ते राळेच. हाथीखान्यात धान्याच्या दुकानातून राळे, कोदरी, बाजरी, वरी थोडी थोडी आणते, त्यात ज्वारी, ओट्स, जवस. सूर्यफुलाचं बी रोज एखाददुसरंच, त्याने चरबी चढते. रोज एकूण चहाचा एक चमचा दाणे पुरतात. भाजीत काकडी, कोथिंबीर, मेथीचं पान, नखाएवढं. रानात हे किडेही खातात, त्यामुळे प्रथिनं लागतात. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा कण द्या. घरात अंडं चालत नसेल तर मोडाचे मूग आणि उकडलेल्या सोयाबीनचा तुकडा द्या, पण मग सुकवलेल्या अळ्यांचा विचार जरूर करा. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, चॉकलेट, फरसाण, बिस्कीट, चिक्की यातलं काही नाही. कॅम्पबेल आणि त्याच्या संकरातल्या हॅमस्टरना मधुमेह सहज होतो, आणि दुकानातले बरेचसे संकरच असतात, म्हणून फळही मी देत नाही. एरवी दिवसाला चार-पाच मिलिलिटर पाणी पिणारा अचानक बाटली रिकामी करू लागला, भुसा सारखा ओला दिसू लागला, तर ते लक्षण समजा. बाटलीच्या तोंडातली गोळी अडकते, ती रोज बोटाने दाबून बघा. उन्हाळ्यात दोनदा.

आता मुलीबद्दल. ती शाळेतून येईल तेव्हा तो झोपलेला असेल. त्याला उकरून उठवायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच ठरवा, कारण झोपेतून उठवलेला हॅमस्टर चावतो आणि मग मूल कायमचं घाबरतं. रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास त्याचा. पहिला आठवडा हात लावू नका, नुसतं जवळ बसून बोला. मग तळहातावर एक बी ठेवून हात पेटीत टेकवा आणि थांबा. बाहेर काढायचं तर कोरड्या बाथरूममध्ये, मोरीचं भोक घट्ट झाकून, जमिनीवर बसून. उभ्याने हातात धरू नये, त्या उंचीवरून पडला तर हाड मोडतं. मांडीवर खेळणारा हवा असेल तर रोबो घेऊ नका, तो विजेसारखा पळतो, तो बघण्याचा प्राणी आहे. विंटर व्हाइट जरा शांत. दिवस लहान झाले की थंडीत त्याची फर पांढरी होते म्हणतात ते खरं, पण आमच्या घरात रात्री अकरापर्यंत दिवे, त्यामुळे आमचा कधी पांढरा झालाच नाही.

नवरात्रात पेटी आतल्या खोलीत हलवा. नऊ रात्री गरब्याचे स्पीकर नेमके त्याच्या जागायच्या वेळी वाजतात, आणि त्याला आपल्याहून कितीतरी बारीक आवाज ऐकू येतात.

डॉक्टर आत्ताच शोधा, आजारपणात नाही. फोन करून सरळ विचारा, "हॅमस्टर बघता का?" कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टरही नाही म्हणतात, आणि तसं प्रामाणिकपणे सांगणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करून ठेवा. एक गोष्ट लिहून फ्रिजवर लावा: पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं हॅमस्टरला तोंडाने दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून तो दगावू शकतो. घरातलं उरलेलं मुलांचं औषध थेंबभरही देऊ नका. दात पिवळे-नारिंगी दिसले तर घाबरू नका, ते तसेच असतात.

आणि हे तो यायच्या आधी मुलीला सांगा: तो दीड-दोन वर्षं जगेल, रोबो असला तर कदाचित तीन. ती बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत तिला त्याला निरोप द्यावा लागेल. माझ्या मुलाने गूळला कुंडीत पुरून वर तुळस लावली, ती अजून आहे.

तुम्ही घाई करून जोडी आधीच आणली असेल तर आज रात्रीच दोघांना वेगळं करा, दुसरी पेटी मिळेपर्यंत हवेची भोकं पाडलेला मोठा प्लॅस्टिकचा डबाही चालेल. आणली नसेल तर एक साधा थर्मामीटर घेऊन, जिथे पेटी ठेवणार आहात तिथे टांगा. दुपारी तीनला आणि रात्री दहाला किती दाखवतो ते आठवडाभर लिहून इथे कळवा. मग एसी लागेल की घरातली दुसरी खोली चालेल, ते सांगते.