शेगाव ते पंढरपूर ही पालखीची वाट सुट्टी मिळेल तशी, तुकड्यातुकड्यांनी चालता येते का?

येते. तुम्ही लिहिलंय की नोकरीमुळे पालखीसोबत महिनाभर जाणं जमत नाही, फार तर दोन-तीन दिवसांची सुट्टी मिळते, आणि मुक्काम, जेवण, रस्ता यांचं कसं करायचं ते कळत नाही. अशी तोडून केलेली वारी ही वारी राहते का, अशी शंकाही तुम्ही विचारली आहे. आधी त्या शंकेचं बोलू.

आमचं गाव अकोला-वाशीम जिल्ह्यांच्या सीमेवरच्या पातूर-मेडशी पट्ट्यातलं. श्रींची, म्हणजे गजानन महाराजांची पालखी उन्हाळा सरता सरता शेगावहून निघते आणि महिनाभर चालून, ७०० किलोमीटरच्या वर वाट तुडवून आषाढीला पंढरपुरात पोचते. आमच्याकडे ते दिवस मृगाच्या तोंडाचे. बियाणं आणायचं, खत भरायचं, वखराची शेवटची पाळी मारायची. शेतकरी माणूस पालखीला हात जोडतो, वारकऱ्यांना पाणी पाजतो आणि वावरात परत जातो. त्याची श्रद्धा काही कमी नसते, पण पाऊस कोणासाठी थांबत नाही. म्हणून आमच्या भागातले कितीतरी लोक हीच वाट दिवाळीनंतर, सोयाबीन घरात आलं आणि हरभरा पेरून झाला की जमेल तेवढी चालतात. मी आणि माझे मेहुणे असेच चाललो, काही हिवाळे लागले. नेम एकच पाळला: जिथं थांबलो तिथूनच पुढचं पहिलं पाऊल टाकायचं. पातूरच्या स्टँडवर थांबला असाल तर पुढच्या वेळी एसटीने पातूरच्याच स्टँडवर उतरा. मधला दोन किलोमीटरचा तुकडासुद्धा ऑटोने मारू नका. वाट अखंड राहिली की वारी अखंड राहते, मधे महिने गेले तरी. हे मी मनापासून सांगतो.

आता चालण्याचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टप्पा किलोमीटर मोजून ठरवू नका, गाव बघून ठरवा. नकाशा उघडून रोजचे पंचवीस-पंचवीस किलोमीटर पाडले की संध्याकाळी माणूस नेमका दोन गावांच्या मधे, ट्रकच्या उजेडात उभा राहतो. डांबरावर १८ ते २० किलोमीटर भरपूर होतात. मुक्कामाच्या गावात तीन गोष्टी असाव्यात: विठ्ठलाचं, मारुतीचं नाहीतर गजानन महाराजांचं नांदतं मंदिर, पिण्याचं पाणी, आणि सकाळी तालुक्याला जाणारी एसटी. बऱ्याच गावांत रात्री मुक्कामी गाडी येते आणि पहाटे निघते. पाय दुखावला तर तीच कामी येते. सोबत बाईमाणूस असेल तर एसटीत तिचं अर्धंच तिकीट लागतं, म्हणजे टप्प्याटप्प्याने जाण्याचा खर्च फारसा राहत नाही.

गावात दिवेलागणीच्या आधी पोचा. हात-पाय धुवा आणि मंदिरात हरिपाठाला बसा. टाळ वाजवता येत नसला तरी बसा. हरिपाठ संपला की कोणीतरी विचारतंच. मेडशीच्या अलीकडच्या एका गावात आम्हाला एका आजीने विचारलं, "कोन्या गावचे जी? पायीच चालले का? मंग आता अंधाराचं कुठी जासान, इथंच टाका पथारी, मी भाकर टाकतो." अर्ध्या तासात नातवाच्या हाती डब्यात गरम भाकरी, मिरचीचा ठेचा आणि तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी आली. आजी स्वतः येऊन मंदिराच्या पायरीवर बसली आणि आमचं जेवण होईपर्यंत पंढरपूर अजून किती लांब आहे ते विचारत राहिली. तिच्या सासूने पायी वारी केली होती, तिला मात्र जायला मिळालं नव्हतं. मेहुण्यांनी डायरीत तिचं नाव लिहून घेतलं आणि पंढरपुरात विठोबापुढे ते घेतलं. अशा घरी पैसे पुढे करू नका, लोकांना वाईट वाटतं. शेगावहून निघताना प्रसादाचे पेढे जास्तीचे घ्या, ते द्या, आणि मंदिराच्या पेटीत काय टाकायचं ते टाका. सकाळी निघताना झोपलो ती जागा झाडून निघा. गाडगेबाबांचा मुलूख आहे हा, हातात खराटा घेतलेला पाहुणा गावाच्या लक्षात राहतो.

मंदिरात झोपायचं असेल तर पुजारी किंवा पोलीस पाटील यांच्या कानावर घाला. शाळेच्या व्हरांड्यात न विचारता पथारी पसरू नका. बाया एकट्या-दुकट्या निघत असतील तर माझा सल्ला असा की दोघी-तिघींनी मिळून निघावं आणि गावातल्या महिला भजनी मंडळाला आधी भेटावं. मग मंदिराऐवजी कोणाच्या तरी घरीच मुक्काम होतो.

काळ कोणता? कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावी काकडा चालतो. पहाटे मंदिर उघडं, माणसं जागी, चुलीवर चहा. काकड्याला हजेरी लावून उजाडताना निघालं की ऊन चढायच्या आत दहा-बारा किलोमीटर सहज होतात. पुढे मार्गशीर्षात ठिकठिकाणी सप्ताह बसतात, तिथं भंडाऱ्याच्या दिवशी वाटसरूला पंगतीतून कोणी उठवत नाही. थंडी माघापर्यंत साथ देते. होळीनंतर मात्र ही वाट धरू नका. अकोल्याचा पारा ४५ च्या घरात जातो आणि चौपदरी रस्त्याला सावली राहिलेली नाही. पावसाळ्यात रस्त्याची कड म्हणजे काळी माती. एक पाऊल खाली ठेवलं की बुटाला किलोभर चिखल चिकटतो, आणि वर डांबरावर राहावं तर ट्रक अंगावर येतात.

पहिला तुकडा शेगाव, नागझरी, पारस, गायगाव, अकोला. दोन-अडीच दिवसांचा. सुरुवातीला हाच चांगला, कारण रेल्वे जवळून जाते आणि या सगळ्या गावांना स्टेशन आहे. थकलात तर पॅसेंजर धरून घरी जाता येतं. नागझरीला गोमाजी महाराजांचं संस्थान आहे, तिथं जरूर थांबा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा. बोअरचं पाणी खारट, तहान भागत नाही आणि पोटही बिघडतं. हापसा दिसला म्हणून बाटली भरू नका. नळाचं नाहीतर कॅनचं पाणी मागा, लोक देतात. दोन लिटर अंगावर असू द्या. अकोल्याच्या पुढे जमीन चढायला लागली की पाणी गोडं होत जातं.

अकोल्याहून सरळ रस्त्याने पातूर तीस-बत्तीस किलोमीटर आहे, पण पालखी भौरद, वाडेगाव असा वळसा घेऊन जाते. तुम्हीही तसंच जा. वाडेगाव लिंबांचं गाव आहे. तिथं पाच-सहा लिंबं पिशवीत टाका, मीठ-साखर सोबत असतेच. सरळ हायवेने जाण्यात वेळ वाचेल, पण त्यात गावं कमी आणि ढाबेच जास्त लागतात.

पातूर ते मेडशी हा या वाटेचा मला सगळ्यात आवडणारा तुकडा. पातूर सोडलं की घाट लागतो. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, हिवाळ्यात वाळलेल्या पानांचा सडा, आणि वर आलं की मागे सपाटीवरचा सगळा धुरकट मुलूख दिसतो. हा टप्पा पूर्ण दिवसाउजेडी करा. उजाडल्याशिवाय निघू नका आणि दुपारी घाट मागे टाका. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) भरपूर आहेत, बिबट्याचाही वावर आहे. जनावरांपेक्षा मोठा धोका तारांचा. पिकं वाचवायला शेतकरी कुंपणाच्या तारांना झटका मशीन लावतात, आणि काही ठिकाणी चोरून थेट करंटही सोडलेला असतो. त्यात माणसं गेलेली आहेत. म्हणून अंधारात कोणत्याही कारणाने रस्ता सोडून वावरात शिरू नका, आणि मोबाइलने दाखवलेली पांदण, म्हणजे वावरांमधली वाट, गावात विचारल्याशिवाय धरू नका. हा रस्ता आता अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्गाचा, म्हणजे १६१ क्रमांकाचा भाग आहे. जिथं वळणरस्ते झालेत तिथं गावातून जाणारा जुना रस्ता पकडा. चालताना नेहमी उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. कानात काही घालू नका.

मेडशीपुढे डव्हा, मालेगाव, शिरपूर जैन आणि मग रिसोड. डव्ह्याला नाथनंगे महाराजांचं संस्थान, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर. रिसोडच्या अलीकडे पेनगंगा ओलांडावी लागते. हा पठारी भाग आहे, चाल सोपी, वारा मात्र सकाळी बोचतो. कानटोपी हवीच.

पायांचं वेगळं सांगतो, कारण अर्धे लोक तिथंच परत फिरतात. नवे बूट घालून निघू नका, महिनाभर घरी वापरून मऊ झालेले घ्या. दुपारी थांबलात की बूट-मोजे काढून पाय उन्हात मोकळे करा आणि दुसरी कोरडी जोडी घाला. टाचेला किंवा अंगठ्याखाली चटका बसायला लागला की तिथंच थांबा आणि पट्टी लावा, पुढच्या गावापर्यंत ओढू नका. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नका, ती जागेवर असेल तर जखम चिघळत नाही. रात्री पाय धुऊन, पुसून खोबरेल तेल लावा. पाठीवर पाच-सहा किलोपेक्षा जास्त नको: एक जोड कपडे, पांघरूण, सतरंजी, बॅटरी, औषधं, ताट-वाटी. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर तो देवळाच्या आवारात फेडा. डांबरावर अनवाणी चाललेली माणसं मी पाहिली आहेत, तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून देवाचं नाव घेणंही होत नव्हतं.

पहिल्यांदाच निघत असाल तर आधी खामगाव ते शेगाव चालून बघा, १६-१७ किलोमीटरच आहे. पालखी पंढरपुराहून परत येते तेव्हा या शेवटच्या तुकड्यात लाखभर लोक सोबत चालतात, पण एरवीही गुरुवारी या रस्त्यावर पायी जाणारे भेटतातच. त्या दिवशी पाय, बूट, पिशवी सगळं कळून येईल.

रिसोडच्या पुढे पान कन्हेरगावापासून मराठवाडा लागतो. सेनगाव, औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, गोरोबाकाकांचं तेर, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा अशी वाट आहे. तिकडे गावांमधलं अंतर वाढतं, पाण्याची सोय आदल्या रात्रीच करून ठेवायची. एवढं सगळं एका हिवाळ्यात बसवायचा हट्ट नको.

मंगळवेढा ते पंढरपूर हा शेवटचा तुकडा मात्र राखून ठेवा आणि एका दिवसात करा. पहाटे लवकर निघा. चोखोबांचा, म्हणजे संत चोखामेळ्यांचा जन्म आमच्याकडच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणा राजा या गावचा मानतात, आणि त्यांचा अंत मंगळवेढ्याला गावकूस बांधताना भिंत कोसळून झाला. विदर्भातून चालत गेलेल्या माणसाने तिथून निघताना एवढं आठवावं असं मला वाटतं. एकादशी टाळून आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी पोचा. आधी चंद्रभागेत पाय धुवा, मग नामदेव पायरी आणि तिच्यासमोरची चोखोबांची समाधी, मग आत. पायांवर डोकं ठेवायच्या रांगेत खूप वेळ जातो. मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ती लवकर सरते. चालून चालून पाय भरून आले असतील तर त्या दिवशी मुखदर्शन घ्या, मुक्काम करा आणि पायांवर डोकं ठेवायला दुसऱ्या दिवशी पहाटे जा.