पिढीजात दुकानाला संरक्षण कशाने मिळते?

प्रश्न थोडक्यात असा : नाशिकच्या भांडी बाजारातील एका जुन्या वाड्यात तळमजल्यावर आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. आजोबांनी १९५२ साली ते तोंडी कराराने भाड्याने घेतले. पावत्या अजूनही त्यांच्याच नावाने निघतात. वडिलांच्या निधनानंतर मी आणि चुलतभाऊ मिळून दुकान चालवतो. मागील बाजूस ठोककाम आणि कल्हई होते. दोन वर्षांपूर्वी वाडा विकला गेला. नवे मालक अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर सही मागत आहेत आणि महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीसही आली आहे. परदेशात जुन्या दुकानांना वारसा दर्जा देऊन वाचवतात असे वाचले. आम्हाला तसे संरक्षण मागता येईल का?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. दुकानाला शहराकडून मान्यता मिळणे ही एक आणि दुकानाची जागा आपल्या ताब्यात राहणे ही दुसरी. पहिलीमुळे दुसरी आपोआप मिळत नाही. ज्या शहरांची उदाहरणे आपण वाचली, तिथेही ती मिळत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ मध्ये तीस वर्षे किंवा त्याहून जुन्या व्यवसायांची नोंदवही सुरू केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधील मतदानाने त्यांच्यासाठी निधीही उभा केला. या निधीतून दुकानदाराला अनुदान मिळते, तसेच जो मालक अशा दुकानाला किमान दहा वर्षांचा भाडेकरार देतो त्यालाही अनुदान मिळते. मालकाला पैसे देऊन राजी करण्याची ही योजना आहे, त्याचा जागा परत घेण्याचा हक्क ती काढून घेत नाही. लिस्बन महापालिकेनेही ऐतिहासिक दुकाने निवडण्याचा कार्यक्रम राबवला, परंतु तिथल्या भाडेकरूंना खरे संरक्षण मिळाले ते पोर्तुगालच्या संसदेने २०१७ साली केलेल्या कायद्याने. आपल्याकडे कोलकात्यात इंटॅक या वारसा जतन करणाऱ्या संस्थेने जुन्या खाद्यगृहांना फलक दिले. तो गौरव मोलाचा आहे, पण फलक दाखवून दिवाणी दावा परतवता येत नाही.

महाराष्ट्रात मालक आणि भाडेकरू यांचे संबंध राज्याच्या कायद्याने ठरतात, त्यामुळे नाशिक महापालिकेने उद्या जुन्या दुकानांचा सन्मान करण्याचा ठराव केला तरी त्या ठरावाने आपल्या भाडेहक्कात भर पडणार नाही. बांधकामांसाठीच्या राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा इमारती आणि परिसर श्रेणीनिहाय यादीत घेण्याची तरतूद आहे. वाड्याला जुने कोरीव लाकूडकाम असेल तर तो यादीत घ्यावा, असा अर्ज आपण आयुक्तांकडे जरूर करावा. मात्र ही यादी वास्तूचे रक्षण करते, त्यात चालणाऱ्या धंद्याचे नव्हे. वाडा टिकला आणि त्यातील ठोककाम बंद पडले, असे होऊ शकते. ही उणीव खरी आहे आणि ती भरून काढणारा कायदा व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत आपला आधार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हाच आहे आणि तो आपण समजता त्यापेक्षा भक्कम आहे. वाडा विकला गेल्याने भाडेकरार संपत नाही. नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो आणि आपण त्याचे भाडेकरू ठरता. त्यासाठी नवा करार करण्याची गरज नाही. म्हणून अकरा महिन्यांच्या करारावर सही करू नये, हा माझ्या उत्तरातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. त्या कागदावर सही करणे म्हणजे आपण भाडेकरू नसून केवळ मालकाच्या परवानगीने जागा वापरणारे परवानाधारक (लायसन्सी) आहोत असे स्वतःच्या हाताने लिहून देणे होय, आणि परवानाधारकाला भाडे नियंत्रण कायद्याचे कवच मिळत नाही. ‘ही फक्त कागदोपत्री औपचारिकता आहे’ असे सांगितले जाईल. तरीही नकार द्यावा, आणि तो लेखी द्यावा.

भाड्याबाबत मात्र आडमुठेपणा करू नये. कायद्याने मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ घेता येते. ती मागितली असेल तर द्यावी. भाडे देण्याची तयारी असलेल्या भाडेकरूला थकबाकीच्या कारणावरून सहजासहजी काढता येत नाही, पण ही तयारी सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. मालक भाडे घेण्यास किंवा पावती देण्यास टाळाटाळ करत असल्यास दर महिन्याची रक्कम बँकेमार्फत किंवा मनीऑर्डरने पाठवावी आणि परत आली तर तो कागद जपून ठेवावा. थकबाकीची लेखी मागणी आल्यास तिची तारीख त्याच दिवशी नोंदवून नव्वद दिवसांच्या आत पूर्ण रक्कम भरावी.

आता पावत्यांवरील नावाचा प्रश्न. भाडेकरूच्या मृत्यूनंतर, धंद्यासाठी दिलेल्या जागेत मृत्यूसमयी त्याच्यासोबत धंदा करत असलेला कुटुंबीय भाडेकरू ठरतो आणि असा कोणी नसल्यास वारसांपैकी एक, असे या कायद्याच्या कलम ७(१५) मध्ये म्हटले आहे. वडिलांच्या हयातीत आपण दुकानात बसत होता हे दाखवणारे पुरावे आजच गोळा करावेत. पुरवठादारांची आपल्या नावाची बिले, बँकेतील सह्या, शॉप अॅक्टचे दाखले आणि महापालिकेच्या घरपट्टी आकारणीत भोगवटादार म्हणून झालेली नोंद हे सर्व उपयोगी पडेल. आजोबांच्या काळातील पावत्या आपण पिशवीत घडी करून ठेवल्याचे लिहिले आहे. त्या तशाच मूळ स्वरूपात ठेवाव्यात, लॅमिनेट करू नयेत. योग्य ताब्यातून आलेल्या आणि तीस वर्षांहून जुन्या दस्तावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ खाली गृहीत धरू शकते. पावतीवर भाड्याचा हेतू ‘भांडी विक्री व ठोककाम’ असा लिहिलेला असेल, तर मागच्या कामाबद्दल मालकाची जुनी संमती त्या एका ओळीतून दाखवता येईल.

चुलतभावाविषयी सावध राहावे लागेल. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे हे ताबा गमावण्याचे कारण आहे आणि चुलतभाऊ पोटभाडेकरू आहे असा आरोप हमखास होईल. खरी भागीदारी असेल आणि जागेवरचे नियंत्रण भाडेकरूकडेच असेल, तर ते पोटभाडे ठरत नाही. म्हणून भागीदारीचा लेख नीट करून घ्यावा, हिशेब त्याप्रमाणे ठेवावेत आणि बहिणींसह सर्व वारसांमध्ये लेखी समजूत करावी. सबळ कारणाशिवाय सहा महिने दुकान वापरात नसणे हेही ताबा मागण्याचे कारण आहे, त्यामुळे आजारपण असो वा मंदी, कुलूप लावून ठेवू नये.

मालकाने स्वतःच्या वापरासाठी जागा मागितली तर त्याची गरज खरी आहे का एवढेच न्यायालय पाहत नाही. ताबा दिल्याने कोणाला अधिक त्रास होईल, हेही कलम १६(२) नुसार पाहावे लागते. दुकानाचे वय कायद्यात खऱ्या अर्थाने कामी येते ते इथे. लग्नसराईतील गिऱ्हाईक, मंदिरांची भांडी दुरुस्तीला आणणारे पुजारी, कारागिरांचे हात आणि याच गल्लीशी जोडलेला व्यवहार यांचे साक्षीपुरावे मांडले, तर ही जागा बदलल्यास धंदा उरत नाही हे पटवून देता येते. ज्या माहितीच्या बळावर आपण वारसा दर्जा मागणार होता, तीच माहिती या ठिकाणी उपयोगाला येईल.

धोकादायक नोटिशीकडे दुर्लक्ष मुळीच करू नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्तांना पडायला आलेले बांधकाम उतरवण्याचे अधिकार आहेत आणि पावसाळ्यात जुन्या वाड्याची भिंत कोणाच्या अंगावर आली तर कोणताही हक्क त्या जिवाची भरपाई करणार नाही. नोटिशीला मुदतीत उत्तर द्यावे, पात्र संरचना अभियंत्याकडून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी आणि दुरुस्तीने वाडा टिकत असल्यास तसा अहवाल जोडावा. वाडा खरोखरच उतरवावा लागणार असेल, तर बाहेर पडण्यापूर्वी दुकानाचे मोजमाप, छायाचित्रे आणि भोगवटादाराच्या नावासह पंचनामा महापालिकेकडून करून घ्यावा. महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शाह रतनसी खिमजी अँड सन्स या खटल्यात दिला आहे. तो वाद सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या इमारतीचाच होता.

मालकाने नव्या बांधकामासाठी न्यायालयातून ताबा मागितला, तर त्याच्याकडे पैसा आणि आराखडे तयार आहेत का, याची खात्री न्यायालय करते. तसा हुकूम झालाच तर ताबा दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत, नव्या इमारतीत जागा घेण्याचा इरादा मालकाला नोटिशीने कळवावा. ही मुदत चुकवू नये. समझोत्याने पुनर्विकास ठरल्यास केवळ ‘तेवढेच चौरस फूट’ या आश्वासनावर थांबू नये. दुसऱ्या मजल्यावरचे भांड्यांचे दुकान चालत नाही. तळमजला, रस्त्याकडील दर्शनी बाजू, ठोककाम व कल्हईची स्पष्ट परवानगी, बांधकामाच्या काळातील पर्यायी जागा किंवा भाडे आणि ताबा देण्याची तारीख हे सर्व नोंदणीकृत करारात येईपर्यंत किल्ली देऊ नये. दरम्यान वीज-पाणी तोडले किंवा दमदाटीने बाहेर काढले, तर लगेच दिवाणी न्यायालयात मनाईहुकमासाठी अर्ज करावा. बेकायदा ताबा घेतला गेल्यास विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खालील दावा सहा महिन्यांतच दाखल करावा लागतो.

दुकानाचे नाव ट्रेडमार्क म्हणून आपण नोंदवले आहे की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही. नसल्यास अर्ज करावा. तीन पिढ्यांचा सलग वापर हा त्या अर्जाचा भक्कम आधार ठरेल आणि जागेचा निकाल काहीही लागला तरी नाव आपल्याकडे राहील. त्याआधी मात्र महापालिकेच्या नोटिशीवरील मुदत पाहावी आणि तिचे उत्तर या आठवड्यातच वकिलामार्फत पोच घेऊन दाखल करावे.