वॉचमन तू हो

मित्रा,

तुझ्या स्टँडअप कॉमेडीच्या सेटचा व्हिडिओ बघितला. टायमिंग चांगलंय, लोक हसलेत पण. मला खटकला तो वॉचमनचा बिट, त्याच्या तोडक्यामोडक्या इंग्लिशवर किती वेळ हसवलंस रे. म्हणून लिहितोय, आणि जरा लांबण लागणार कारण यात दादा कोंडके येणार आणि दादांचा विषय निघाला की मला आवरत नाही.

तू म्हणशील, ते डबल मीनिंगवाले ना? हो तेच. पण हा माणूस मुळात गिरणगावातला, अपना बाजारात नोकरी केलेला, सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला. १९६५ ला वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य आलं त्यात दादा हवालदार. दीड हजाराच्या वर प्रयोग झाले त्याचे. संहिता सबनीसांचीच पण दादा मधेच ताजी बातमी घुसवायचे, मंत्र्यासंत्र्यांना चिमटे काढायचे. आता बघ, राजा वर, प्रधान वर, कोतवालसुद्धा वर आणि हा खाली, म्हणजे तुझा वॉचमनच की! पण टोप्या हा उडवतो आणि उडतात वरच्यांच्या.

मग १९७१ ला 'सोंगाड्या' सिनेमा, त्यात दादा नाम्या. ढगळ हाफ चड्डी, लोंबणारी नाडी, बावळट चेहरा. पब्लिक आधी त्या नाम्याला हसतं, आणि मग हळूहळू कळायला लागतं की हा येडा नाहीये, येडे बाकीचे आहेत. मला याचा नोकरीत लय उपयोग झाला. मीटिंगमधे सगळे माना डोलवत असायचे तेव्हा मी नाम्यासारखं तोंड करून म्हणायचो, साहेब मला नाय कळलं, परत सांगा ना. निम्म्या वेळा साहेबांनाच सांगता यायचं नाही.

सेन्सॉरशी पण त्यांचा हाच डाव. वाक्य साधं, चेहरा निरागस, आता घाण अर्थ कुठला ते तुम्ही तोंडाने सांगा! भारीच. पण पुढच्या काही सिनेमांत बाईचं नुसतं निमित्त उरलं होतं, त्याची वकिली मी करणार नाही, आणि तू कॉपी करायला गेलास तर नेमकं तेच उचलशील याची मला भीती आहे, कारण ते सोपंय.

अवघड काय सांगू? 'पांडू हवालदार', १९७५. दादा तेव्हा स्टार, एकामागून एक सिल्व्हर ज्युबिली, म्हणजे पंचवीस-पंचवीस आठवडे सिनेमे चालू, त्याचा पुढे गिनीज बुकात रेकॉर्ड झाला, नऊ सिनेमांचा. आणि शेजारी अशोक सराफ, तेव्हा फारसं कोणी ओळखत नव्हतं त्यांना. त्यांना एवढी मोकळी जागा दिली की तिथून त्यांची गाडी सुसाट सुटली. तुझ्या सेटमधे दुसरा कुणी हुशार असूच शकत नाही, बघ एकदा तपासून.

तर वॉचमनचा बिट काढू नकोस, उलटा कर. वॉचमन तू हो. सोसायटीच्या सेक्रेटरीने रजिस्टरमधे इंग्लिश नोटीस लिहून ठेवलीये आणि तू त्याला एकेका शब्दाचा अर्थ विचारतोयस, खरंच कळत नाही म्हणून. सेक्रेटरीला घाम फुटेपर्यंत विचार. आणि हो, शेवटचा जिमवाला जोक उडव, तो तुझा वाटत नाही. नवीन लिहिलंस की पाठव, रात्री उशिरा पाठवलंस तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझा,
काका