प्लास्टर निघालं, पण हात पूर्वीसारखा का नाही?

प्रश्न : आईचं मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं, पण एक्स-रेमध्ये रेघ अजून दिसते. हात बारीक झालाय, कातडीचे पापुद्रे निघताहेत, मूठही नीट वळत नाही. हाड जुळलं नाही असं समजायचं का?

उत्तर : एवढ्यावरून तसं समजू नका. हाड मोडलं की काही तासांतच त्या जागी रक्त साकळतं. त्यात पेशी शिरतात आणि दोन-तीन आठवड्यांत मोडलेल्या टोकांभोवती तंतू आणि कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊती) यांचा मऊ जोड तयार होतो. त्यात कॅल्शियम फारसं नसतं, म्हणून एक्स-रेत तो दिसत नाही. पुढे त्याची जागा कच्चं हाड घेतं. सहाव्या आठवड्याला मनगट साधारण याच टप्प्यावर असतं : हलवण्याइतकं धरलेलं, वजन पेलण्याइतकं नाही. कच्च्याचं पक्कं हाड व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहूनही जास्त काळ लागतो. म्हणून डॉक्टर नुसता एक्स-रे पाहून ठरवत नाहीत, मोडलेल्या जागी बोटाने दाबून दुखतं का तेही बघतात.

हात बारीक दिसतो तो स्नायूंमुळे. काम थांबलं की स्नायूचा एकेक तंतू बारीक होतो. तंतूंची संख्या मात्र फारशी घटत नाही, त्यामुळे व्यायामाने ताकद परत येते. ती यायला प्लास्टरमध्ये गेले त्याहून जास्त दिवस लागतात, हे आईंना आधीच सांगून ठेवा.

मूठ वळत नाही कारण सांधे आखडलेत. न हलवलेल्या सांध्याभोवतीचं आवरण आक्रसतं. शिवाय सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होतं, आणि तो द्रव तिच्यात मुरायला हालचाल लागते. म्हणूनच प्लास्टर असतानाही बोटं, कोपर आणि खांदा रोज हलवायचे असतात. बहुतेकांचं चुकतं ते इथेच.

आता डॉक्टरांनी हालचालीला परवानगी दिली असेल तर हात दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. मग मूठ जमेल तेवढी मिटून ५ सेकंद धरायची, बोटं पूर्ण पसरायची. असं १० वेळा, दिवसातून चार-पाचदा. त्यानंतर मनगट सावकाश वर-खाली. थोडं ताणल्यासारखं वाटेल, ते चालतं. दुखणं तासाभराने उतरलं नाही तर जोर कमी करा. भरलेली बादली उचलणं आणि कपडे पिळणं सध्या बंद.

पापुद्रे म्हणजे बाह्यत्वचेच्या वरच्या थरातल्या मृत पेशी. एरवी त्या आंघोळीत, घासण्यात निघून जातात. प्लास्टरखाली साचून राहिल्या. पाण्याने मऊ होऊ द्या आणि तेल लावा. खरवडू नका, खालची त्वचा नाजूक असते.

दोन गोष्टींत मात्र थांबू नका. हाताची आग, सूज, लाली वाढत चालली आणि नुसता स्पर्शही सोसेना, तर लगेच दाखवा. आणि अंगठा एकाएकी सरळ उचलता येईना, तरीही. अंगठा उचलणारा स्नायुरज्जू, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, मनगटाच्या हाडावरच्या खोबणीतून जातो आणि फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी तो तुटू शकतो, अगदी हाड सरकलेलं नसतानाही.

प्रश्न : घोटा मुरगळला. हाड शाबूत आहे, तरी महिना झाला, पाय पुन्हा पुन्हा लचकतो.

उत्तर : दुखावला आहे तो अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा. पाय आत वळला की बहुधा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा, पुढचा पट्टा ताणतो. हाडाला भरपूर रक्त मिळतं, अस्थिबंधाला त्या मानाने फार थोडं, म्हणून तो सावकाश भरतो. दुसरं कारण सहसा कोणी सांगत नाही : पाय कसा वळलाय हे मेंदूला कळवणारे मज्जातंतूही त्याच पट्ट्यात असतात. ते दुखावले की स्नायू वेळेवर आवळत नाहीत, आणि पाय लचकतो. नुसत्या विश्रांतीने हे सुधारत नाही. भिंतीजवळ त्या एका पायावर ३० सेकंद उभं राहा, तीनदा, रोज. जमू लागलं की डोळे मिटून, एक हात भिंतीला टेकवून.

मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा.

प्रश्न : बोटांत स्नायू नसतात हे खरं का?

उत्तर : बोटं वाकवणारे, सरळ करणारे स्नायू बोटांत नसतात. मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान, काही छोटे तळहातात. लांब स्नायुरज्जू त्यांची ओढ बोटांपर्यंत नेतात. एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि बोटं हलवा, आत स्नायू सरकताना कळतील. बोट कापल्यावर त्याचं टोक वाकेनासं झालं, तर जखम लहान दिसली तरी स्नायुरज्जू तुटलेला असू शकतो. वरून टाके घालून तो जुळत नाही. तुटलेलं टोक तळहातापर्यंतही मागे सरकलेलं असू शकतं आणि ते शोधून शिवावं लागतं. जितका उशीर, तितकं ते अवघड होत जातं.