वाचक विचारतात: गणिताचं पुस्तक भेट द्यायचंय

प्रश्न : ताई, या दिवाळीत सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. जन्म 1950 चा, बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त. आकड्यांचं वेड अजून आहे. नणंदेची मुलगी तेरा वर्षांची (2012 ची), तिला मात्र गणित म्हटलं की पोटात दुखतं. दोघांनाही गणिताचंच पुस्तक द्यावं असं मनात आहे. कोणतं देऊ?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी माझी फजिती सांगते. आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांचं ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ दिलं. छोटंसं, देखणं, नावाजलेलं पुस्तक. चार दिवसांनी सरांचा फोन : “बाई, मी संपलो असं सुचवायचं होतं का?” पुस्तक आहे 1940 चं. हार्डींची साठी उलटली होती आणि गणित हा तरुणांचा खेळ, आपला डाव संपला, अशी खंत त्यात भरून राहिली आहे. मी ते विशीत वाचलं होतं, तेव्हा ही खंत मला दिसलीच नव्हती. तेव्हा सासऱ्यांना हे नको.

त्यांना रॉबर्ट कॅनिगेल यांनी लिहिलेलं रामानुजनांचं चरित्र द्या, ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’. हार्डी त्यातही भेटतात, पण रामानुजनांच्या सोबतीनं. गणित सगळं कळलं नाही तरी अडत नाही. कुंभकोणम, मद्रास, केंब्रिज अशी गोष्ट पुढे सरकत राहते. आणि तुमच्या कॅशियरसाहेबांना एक पान नक्की आपलं वाटेल : 1912 साली रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात महिना 30 रुपयांवर कारकून होते. हार्डींना आपली सूत्रं कळवणारं ते प्रसिद्ध पत्र त्यांनी तिथे असतानाच धाडलं, जानेवारी 1913 मध्ये. फक्त पुस्तक जाडजूड आहे. दुकानात उघडून टाइप बघा, पंचाहत्तरीच्या डोळ्यांना झेपेल अशीच प्रत घ्या.

भाचीचं प्रकरण नाजूक. झटपट आकडेमोडीची, ‘दहा सेकंदांत गुणाकार’ छापाची पुस्तकं तिला अजिबात देऊ नका. पोर कागद फाडेल आणि आत आणखी एक क्लास निघेल! इंग्रजी सहज वाचत असेल तर एन्झेन्सबर्गर यांचं ‘द नंबर डेव्हिल’. त्यातल्या रॉबर्टलाही गणिताचा तिटकारा आहे, कारण त्याचे मास्तर मुलांना रटाळ उदाहरणं घालून स्वतः खात बसतात. मग एक चिडका सैतान बारा रात्री त्याच्या स्वप्नात येतो. रोज रात्री एकच स्वप्न वाचायचं, ओढून नेऊ नका. मराठीच हवं असेल तर मंगला नारळीकरांचं ‘गणितगप्पा’ बघा. नावाप्रमाणे गप्पाच आहेत.

दुकानात माझी एक सवय आहे. पुस्तक मधेच कुठेतरी उघडते आणि एक पान उभ्यानं वाचते. हात आपसूक पर्समधल्या पेन्सिलीकडे गेला तर पुस्तक घ्यायचं. मलपृष्ठावरच्या कौतुकाला मी भुलत नाही.

आता पहिल्या कोऱ्या पानावर काय लिहायचं ते. ‘सप्रेम भेट’ पुरे नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची एक संख्या आहे, 6174. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. भाचीचं जन्मसाल घेऊ : 2210 वजा 0122, आले 2088. मग 8820 वजा 0288, आले 8532. मग 8532 वजा 2358, आले 6174. झालं, इथून पुढे गाडी हलत नाही.

भाचीच्या पुस्तकात एवढं लिहाच. सासऱ्यांच्या पुस्तकात मात्र नुसतं 1950 लिहा आणि रीत सांगा, उत्तर सांगू नका. नातीला तीन वजाबाक्या पुरतात, आजोबांना सात लागतील. सातहून जास्त कुणालाच लागत नाहीत, पण हे त्यांना फराळ झाल्यावर सांगा. कॅशियर माणूस, तोवर दोनदा ताळा करून बसलेला असेल.