चार्जर घेण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, फोटोही मिळाले. ॲरिझोनातल्या विक्रेत्याकडची ती १९६८ ची डॉज चार्जर मी एकेक फोटो मोठा करून पाहिली. देखणी आहे यात वादच नाही. त्या सालच्या चार्जरइतकी सुंदर बॉडी डेट्रॉइटने नंतर फार थोड्या गाड्यांना दिली, असं माझं ठाम मत आहे. "काका, घेऊ का?" असं तू विचारलंयस. माझं उत्तर आहे, यंदा नको. का नको ते दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

जुलैत स्वीडनमधल्या वेस्तेरोसच्या रस्त्यांवरून एकामागून एक जाणाऱ्या इंपाला, मस्टँग, रोडरनर अशा जुन्या अमेरिकन गाड्या पाहून तू वेडा झालास, ते मला पूर्ण समजतं. पण तुझं एक वाक्य मला खटकलं. स्वीडिश लोक श्रीमंत आहेत म्हणून त्यांना हा शौक परवडतो, असं तू लिहिलंस. तसं नाही. ते कसं नाही हे कळलं, की कुठली गाडी घ्यावी हेही तुझं तुला कळेल.

आधी या गाड्या, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन मसल कार, जन्मल्या कशा ते बघ. १९६० च्या दशकात जनरल मोटर्सचा नियम होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. जनरल मोटर्सच्याच पाँटियाक विभागात जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोठ्या पाँटियाकचं ३८९ घनइंची व्ही-८ इंजिन साध्या, मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये बसवलं. नवं मॉडेल म्हणून मागितलं असतं तर वरून परवानगी मिळाली नसती, म्हणून त्यांनी ते जादा पैसे भरून घ्यायचा पर्याय म्हणून यादीत टाकलं. ती १९६४ ची जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२ हजारांहून जास्त विकल्या गेल्या. मग फोर्ड, शेवरोले, डॉज, प्लिमथ सगळे त्या मार्गाला लागले. १९६८ ची प्लिमथ रोडरनर तर मला या सगळ्या प्रकाराचा गाभाच वाटते. पुढे सलग बाकासारखी सीट, खाली गालिचाऐवजी रबर, चैनीचं काही नाही. मात्र बॉनेटखाली ३३५ अश्वशक्तीचं ३८३ घनइंची इंजिन, आणि किंमत ३,००० डॉलरच्या आत. जास्तीचा खर्च केला तो कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला दिलेल्या ५० हजार डॉलरांचा, आणि त्याच्या आवाजात 'बीप-बीप' करणाऱ्या हॉर्नचा. पगारावर जगणाऱ्या तरुणाला शनिवारी रात्री सगळ्यांच्या पुढे जाता यावं म्हणून बनवलेली ती गाडी होती.

हा बहर फार टिकला नाही. तरुण चालकांचे विम्याचे हप्ते भरमसाट वाढले, १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा आला, १९७१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने शिसेविरहित पेट्रोलसाठी इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी केलं, त्याने ताकद घटली, आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलीसुरली हवा काढून घेतली. पेट्रोल पिणाऱ्या त्या गाड्या अमेरिकेतल्या सेकंडहँड बाजारात मातीमोल झाल्या. आणि नेमक्या त्या काळात स्वीडनमधले वेल्डर, ट्रकचालक, कारखान्यातले फिटर त्यांच्याकडे वळले.

ते नवखे नव्हते. १९२८ पासून स्टॉकहोममध्ये जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना होता. (त्याच वर्षी आपल्या मुंबईत शिवडीलाही त्यांचा कारखाना सुरू झाला, आणि पुढे कुर्ल्याला प्रीमियर कंपनी डॉज आणि प्लिमथ जोडू लागली. तुझ्या आजोबांना विचार, त्यांना ती नावं नक्की आठवतील.) दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ राहिला, कारखाने शाबूत राहिले, नंतर कामगारांच्या हाती पैसा आला. १९५० च्या दशकात रागारे म्हणवणारी पोरं जुन्या अमेरिकन गाड्या घेऊन गावागावांतून फिरू लागली. एका गाडीत पाच-सहा जण, रॉक अँड रोल, केसांना तेल. वर्तमानपत्रांनी त्यांच्या नावाने बोटं मोडली, आईबापांनी डोक्याला हात लावला. सोय अशी, की ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत हा देश रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवायचा, पण इथल्या बहुतेक गाड्यांचं सुकाणू तेव्हाही डावीकडेच असायचं. त्यामुळे अमेरिकन गाडी इथे कधी उलटी वाटलीच नाही. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया किंवा आपल्याकडच्या चाहत्यांचं दुखणं वेगळं. मस्टँग आली १९६४ च्या एप्रिलमध्ये, पण फोर्डने कारखान्यातूनच उजव्या सुकाणूची मस्टँग द्यायला २०१५ साल उजाडलं.

म्हणजे तू ज्या ताफ्याकडे बघत उभा होतास, त्यातल्या कित्येक गाड्या आत्ताच्या मालकाच्या बापाने स्वस्तात आणून, हिवाळाभर शेडमध्ये उघडून, मित्रांना हाताशी धरून उभ्या केल्या आहेत. वेस्तेरोसचा पॉवर बिग मीट, अमेरिकन गाड्यांचा मोठा मेळावा, १९७८ मध्ये सुरू झाला आणि २०१९ पासून लिदशॉपिंगला गेला. पुढच्या वर्षी आपण तिथे जाऊ. झळाळणाऱ्या रंगांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचे हात बघ. नखांत ग्रीस असतं.

तुला तिथे एक गोष्ट खुपेल, ती आत्ताच सांगून ठेवतो. काही गाड्यांवर अमेरिकेच्या दक्षिणी संघराज्याचा झेंडा दिसेल, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचा. इथले कित्येक जण तो नुसता बंडखोरीची खूण म्हणून लावतात, त्यामागे माणसांबद्दल द्वेष असतोच असं नाही. तरी मला तो आवडत नाही आणि मी तसं तोंडावर सांगतो. तूही सांग. सांगितल्यावर कोणी उठून गेलं तर जाऊ दे. माझ्या अनुभवात बहुतेक जण कॉफी ओततात आणि ऐकून घेतात.

आता तुझ्या चार्जरकडे येतो. जाहिरातीत लिहिलंय, आर/टी, म्हणजे चार्जरची जोरदार आवृत्ती, आणि ४४० मॅग्नम, म्हणजे ७.२ लिटरचं ३७५ अश्वशक्तीचं इंजिन. किंमतही त्याच हिशेबाने लावली आहे. पण सातवा फोटो बघ, समोरच्या काचेतून डॅशबोर्डवरची नंबरपट्टी दिसते, गाडीला कारखान्यात दिलेल्या नंबराची. नंबर सुरू होतो एक्स-पी-२९-एफ-८ असा. 'एक्स' म्हणजे चार्जर, २९ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, शेवटचा आठ म्हणजे १९६८. 'पी' म्हणजे साधी चार्जर, आणि 'एफ' म्हणजे ३१८ घनइंची इंजिन. खरी ४४० ची आर/टी असती तर तिथे एक्स-एस-२९-एल-८ दिसलं असतं. कारखान्यातून ही गाडी ३१८ घेऊन निघाली, नंतर कोणीतरी तिला आर/टी चं रूप दिलं. असं रूप देण्यात पाप नाही, विकताना सांगायला मात्र हवं. आणि तू जे पैसे मोजायला निघाला होतास ते रूपाचे नव्हते, नंबराचे होते.

प्रत्येक कंपनीचं हे गणित निराळं आहे, म्हणून ते गाडीगणिक शिकावं लागतं. १९६४ आणि १९६५ च्या जीटीओचा नंबर नुसता पाहून ती जीटीओ आहे का, हे कळतच नाही, कारण तेव्हा तो फक्त पर्याय होता. त्यासाठी कारखान्याच्या नोंदींची प्रत मागवावी लागते. शेवरोलेच्या १९७० च्या शेवेल एसएस ची तीच कथा. १९७२ च्या आधीच्या शेवरोलेच्या नंबरात इंजिन कोणतं हे लिहिलेलंच नसतं.

तर मग काय घ्यावं? माझं म्हणणं, पहिली गाडी साधी घे, आणि इथेच रजिस्टर झालेली घे. माझी डॉज कोरोनेट १९६७ ची आहे, ३१८ ची. तिच्याकडे बघून कोणी शिट्टी वाजवत नाही. पण मे ते सप्टेंबर ती मी कुठेही घेऊन जातो, रेटविकच्या मेळाव्यापर्यंतसुद्धा, आणि रस्त्यात बंद पडली तर डिकीतल्या पान्यांवर चालू होते. दोन नळ्यांचा कार्बोरेटर, पॉइंट, कॉइल, बस. या इंजिनावर तू टायमिंग लावायला शिकशील, कार्बोरेटर खोलून परत बसवायला शिकशील, इंची पान्यांची सवय होईल. ३५० घनइंची स्मॉल-ब्लॉक, म्हणजे आटोपशीर व्ही-८ ची शेवरोले किंवा २८९ ची मस्टँग घेतलीस तरी चालेल. त्यांचे सुटे भाग इतके मिळतात, की पहिल्या पिढीच्या मस्टँगची तर सबंध बॉडीच नव्या पत्र्याची बनून येते. मोठं इंजिन मागाहून घे. ७.२ लिटरचं इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, ही जोडी नवशिक्याच्या हाती मला बघवत नाही. आणि गाडी १९६७ च्या आधीची असेल तर ब्रेकचा मास्टर सिलिंडर आधी बघ. तोवर बहुतेकांत एकच सर्किट असायचं. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. पुढचे-मागचे वेगळे करणारा सिलिंडर बसवून घे, मूळपणाचा आग्रह त्या बाबतीत धरू नकोस.

इंजिनापेक्षा पत्र्याला भी. इंजिन परत बांधता येतं, कुजलेली बॉडी माणसाला कर्जात घालते. सोबत चुंबक ठेव. मागच्या चाकांमागचा पत्रा, डिकीचा तळ, दारांच्या खालच्या कडा इथे तो लावून बघ. चिकटला नाही तर खाली पुट्टी आहे असं समज. चार्जरमध्ये मागच्या काचेचे खालचे कोपरे बघ, तिथे पाणी साठतं. मस्टँगमध्ये समोरच्या काचेखालच्या जाळीत तांब्याभर पाणी ओत आणि आत वाकून बघ. पायाशी थेंब पडले तर तो जोड गंजलाय, आणि ते काम लांबलचक असतं. व्हिनाइलचं छप्पर असेल तर कडेने बोट दाबत जा. ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या गाड्यांना इथे जास्त भाव येतो तो कोरड्या हवेमुळे. पण तिथल्या उन्हाने सीट, डॅशबोर्ड आणि सगळी रबरं भाजून निघतात, तो खर्च धरायला विसरू नकोस.

पुढे कधी तिकडून आणायचीच झाली, तर कागद आधी. अमेरिकेतलं मूळ टायटल, म्हणजे मालकीचा कागद, हातात आल्याशिवाय गाडी जहाजावर चढवू नकोस. इथे उतरल्यावर परिवहन खात्याची मूळ तपासणी, मग नोंदणीची तपासणी. ३० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ऐतिहासिक संग्रहवस्तू म्हणून मान्य झाली तर सीमाशुल्क माफ होतं आणि मूल्यवर्धित कर नेहमीच्या २५ टक्क्यांपेक्षा बराच कमी लागतो. इंजिन, चाकं, सस्पेन्शन बदललेली गाडी त्यात बसवायला गेलं तर वाद होतो. तुझी ही आर/टी चं सोंग घेतलेली चार्जर तिथेही अडकू शकते.

रोजच्या खर्चाचं सांगतो. ३० वर्षांवरच्या गाडीला वाहनकर नाही, ५० वर्षांवरच्या गाडीला ठरावीक काळाने होणारी तपासणी नाही. म्हणून गाडी धड आहे की नाही याची जबाबदारी सगळी तुझ्यावर येते. ऑगस्ट २०२१ पासून इथलं ९५ चं पेट्रोल ई-१० आहे, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, ते जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा खातं. ९८ भर, आणि नळ्या बदलूनच घे. लिटरला पाच-सहा किलोमीटर धर. रस्त्यावर मीठ पडायला लागलं की नोंदणीत गाडी बंद दाखव आणि शेडमध्ये लाव. मिठाच्या रस्त्यावर एक हिवाळा काढलेली कोरोनेट मी पाहिली आहे. बघून वाईट वाटलं.

विम्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. जुन्या गाड्यांचा स्वस्त आणि चांगला विमा इथे एमएचआरएफ या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघामार्फत मिळतो. तो मिळायला महासंघाशी जोडलेल्या एखाद्या क्लबचा सभासद असावं लागतं, आणि क्लबचा माणूस स्वतः गाडी बघून शिफारस करतो. म्हणजे शेवटी तुला क्लबात जायचंच आहे. मग गाडी नसताना आत्ताच जा. दर बुधवारी संध्याकाळी आमच्या शेडमध्ये लोक जमतात. स्वीडिश मोडकंतोडकं असलं तरी बोल. एखाद्याचा गिअरबॉक्स उतरवायला हात लाव, दालचिनीचे बन घेऊन ये. इथला माणूस पहिल्या भेटीत मोकळा होत नाही, पण दोनदा ग्रीसमध्ये हात घातलेले दिसले की तिसऱ्या वेळी तुला नावाने हाक मारतो. चांगल्या गाड्या जाहिरातीपर्यंत पोचतच नाहीत. कोणाची गुडघेदुखी वाढली, कोणाच्या मुलाला रस नाही, हे शेडमध्ये कळतं, आणि ज्याने हिवाळाभर हातभार लावला त्याला आधी विचारलं जातं. माझी कोरोनेट मला अशीच मिळाली.

त्या विक्रेत्याला नम्रपणे नकार कळव, आणि नंबरपट्टीचं काय ते विचार. तो ३१८ च्या भावाने द्यायला तयार झाला तर मला फोन कर, मग आपण पुन्हा बोलू. दुसरी कुठलीही गाडी आवडली तर पैसे देण्याआधी डॅशबोर्डवरची पट्टी, बॉनेटखालची कारखान्याची माहितीची टॅग आणि डिकीचा तळ, या तिन्हींचे स्पष्ट फोटो मला पाठव. बुधवारी सहा वाजता ये. जुने कपडे घालून ये, या आठवड्यात एका शेवेलचं डिफरेन्शियल उतरवायचं आहे.

तुझा,
काका